तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी बंद का नाही केली?

नणंदेने विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, शाळेच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्या आयांनी विचारलं. परवा गावाहून सासऱ्यांचा फोन आला, त्यांनीही तेच विचारलं. आठ वर्षांचा पोरगा. चौथं लागल्यापासून एकदाही अंथरूण ओलं केलं नाही. रात्रीची नवी गोळी सुरू झाली आणि आठवड्यातून चार-पाच रात्री गादी भिजायला लागली. मग ती गोळी बंद का नाही केलीस?

आजवर मी प्रत्येकाला "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच म्हणत आले. ते खोटं नाही, पण ते उत्तरही नाही. विषय तिथेच संपावा म्हणून मी तसं म्हणायचे.

पोराला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार. त्यासाठी दिवसाची गोळी, मिथाइलफेनिडेट, जूनमध्ये सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात त्याने फळ्यावरचं सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत, वहीत उतरवून आणलं. ते पान मी रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा उघडून बघितलं. पण भूक मेली आणि झोप उडाली. एक-एक वाजेपर्यंत टक्क जागा, सकाळी शाळेला उठवलं की रडारड. म्हणून डॉक्टरांनी रात्रीची क्लोनिडिन दिली. ही मुळात रक्तदाबाची गोळी. एडीएचडीच्या मुलांना चंचलपणा कमी व्हावा, झोप लागावी म्हणूनही देतात. आधी अर्धी, मग एक. अर्धीवर काही झालं नाही. एक सुरू केली आणि नवव्या की दहाव्या रात्री पहिल्यांदा गादी भिजली.

आम्ही स्वस्थ बसलो नव्हतो, एवढं तरी माना. लघवी तपासली, जंतुसंसर्ग नव्हता. साखर तपासली, ठीक होती. शौचाला साफ होते का, हेही डॉक्टरांनी खोदून विचारलं, कारण पोट साफ नसेल तर मूत्राशयावर दाब येतो. अशा मुलांमध्ये अंथरुणात शू होणं औषधाशिवायही जास्त दिसतं आणि या गोळीनेही होऊ शकतं, दोन्ही खरं आहे, असं त्या म्हणाल्या. घंटा वाजवून मुलाला उठवणारं यंत्र मिळतं, तेही त्यांनी सांगितलं. लालबागच्या चाळीत, दहा बाय पंधराच्या खोलीत आम्ही पाच माणसं झोपतो. रात्री दोनला घंटा वाजली तर उठणार कोण कोण?

ज्यांनी श्रावणात कापसाची गादी वाळवली नाही, त्यांना मी काय सांगू? ती वाळतच नाही. वरून हात लावला तर कोरडी, दाबली की ओल वर येते. मेणकापड घातलं, तर ते रात्रभर करकरतं आणि एका कडेला गोळा होऊन बसतं. पहाटे पाचला नळाला पाणी यायचं, तेव्हा मी मोरीत चादरी धुवायचे. गॅलरीतल्या दोरीवर आमच्याच चादरी रोज का, हे अख्ख्या मजल्याला कळलं होतं. अशाच एका पहाटे दुसरी चादर पिळताना माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या मेल्या गोळीने जीव खाल्लाय माझा." तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपलाय असं मी धरून चालले.

मग गणपती आले. लालबागला राहणाऱ्यांना सांगायला नको, दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याआधी सगळे नातेवाईक आमच्याकडे टेकतात. नणंदबाई आल्या, चहा झाला, दोरीवरची चादर बघून त्यांनी विचारलं, "अजून चालूच आहे का गं?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "चार दिवस बंद करून बघ ना. चार दिवसांत काय होतंय?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. तो तिथेच, दोन हातांवर, मखराचे उरलेले रंगीत कागद कापत बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून ओळीने तीन सकाळी अंथरूण कोरडं होतं. मी त्याच सुमारास त्याला रात्री तीळगुळाचा लाडू द्यायला लागले होते, माझ्या आईचा उपाय. चौथ्या सकाळी अंथरूण पुन्हा कोरडं, तेव्हा मी नणंदेला फोन करून सांगितलं की तिळाने गुण आला. केवढा आनंद झाला होता मला!

त्याच संध्याकाळी तो गॅलरीत कठड्याला टेकून, डोकं धरून बसला होता. म्हणाला, "आई, छातीत ढोल वाजतोय." खाली खरंच ढोल वाजत होते. मी म्हटलं, "खाली वाजतोय रे, मिरवणूक आहे." आणि मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. हे मला कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मी आत गेले. पाच-दहा मिनिटांनी सासूबाईंनी हाक मारली. त्याचा चेहरा लाल, हात थरथरत होते. छातीवर हात ठेवला तर आत काय उडत होतं!

रस्त्यावर टॅक्सी शिरणं शक्यच नव्हतं. ह्यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि आम्ही गल्ल्यागल्ल्यांतून परळला रुग्णालयात गेलो. रक्तदाब वयाच्या मानाने बराच वाढलेला. तिथल्या डॉक्टर मुलीने विचारलं, "एखादी गोळी अचानक बंद केलीत का?" मी ठणकावून नाही म्हटलं.

खाटेवरून तो म्हणाला, "हो."

मग हळूच, "कंपासमध्ये आहेत. फेकल्या नाहीत."

चार रात्री, चार गोळ्या. जिभेखाली धरून मोरीत चूळ भरायला जायचा. आत्याने चार दिवस म्हटलं होतं, म्हणून चार. ही गोळी एकदम तोडली की रक्तदाब उसळी मारतो, ती पायरीपायरीनेच उतरवावी लागते, हे त्या मुलीने मला समजावलं. आम्हाला ते पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

म्हणजे गोळी बंद करून झाली आहे. त्याने केली, तुमचं ऐकून आणि माझं ऐकून.

आता तुम्ही म्हणाल, त्या चार दिवसांत अंथरूण कोरडं राहिलं, म्हणजे दोष गोळीचाच. मीही रुग्णालयात रात्रभर हेच घोकत होते. ऑगस्टमधली मी असते तर तिथेच कागदावर सही करून त्याला घरी आणलं असतं आणि पुन्हा त्या ओपीडीची पायरी चढले नसते. पण पहाटे त्याने स्वतःहून सांगितलं की दुपारनंतर तो पाणीच पीत नव्हता आणि झोप लागू नये म्हणून मांडीला चिमटे काढत होता. मी मांडी बघितली. डाग होते. मग कोरडं अंथरूण कशाचं? गोळी नव्हती म्हणून, पाणी नव्हतं म्हणून, की झोपच नव्हती म्हणून? तिळाचं श्रेय घेऊन मी एकदा तोंडघशी पडलेय. आता हा निकाल मी देत नाही.

काही आठवडे लावून गोळी पुन्हा अर्धीवर आणली आहे. झोप अकराच्या आसपास लागते. आठवड्यात एक-दोन रात्री अंथरूण भिजतं, एखादा आठवडा कोरडाही जातो. रात्री लघवी कमी करणारी आणखी एक गोळी असते, तिला मी सध्या नको म्हटलंय. हे म्हणतात, आता अर्धीही उतरवायला सांगूया. मी म्हणते, सहामाही होऊ दे. सहामाहीनंतर मी वेगळं काय म्हणणार आहे, मला माहीत नाही.

तुम्ही विचारा. पण माझ्या घरात विचारू नका, गॅलरीतही नाही. आमच्या खोलीला दुसरी खोली नाही. तुम्ही माझ्याशी बोलता तेव्हा तो तिथेच असतो, आणि चार दिवस म्हणालात तर तो चार मोजतो. मला खाली बोलवा, मी येईन, सगळं सांगेन.

आता रोज रात्री गोळी गिळून झाली की तो माझ्यासमोर तोंड उघडतो, जीभ वर करून दाखवतो. मी सांगितलंय, दाखवू नकोस, माझा विश्वास आहे. तरी तो दाखवतो, आणि मी बघते.