शेफ देईल ते!

काल एका भारी सीफूड रेस्टॉरंटात टेस्टिंग मेन्यू खाल्ला. निवडायचं काहीच नाही, पुढ्यात येईल ते मुकाट्याने खायचं. सुरुवात कच्च्या ऑयस्टरने. घास कसला, समुद्राचं खारं पाणीच तोंडात फुटलं! स्कॅलॉप, म्हणजे एक प्रकारच्या शिंपल्यातला मऊ गर, ठीक.

खरी मजा मुरवलेल्या माशात. मासा जितका ताजा तितका चांगला, हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथे मात्र तो थंड, कोरड्या हवेत काही दिवस टांगलेला. त्याआधी 'इकेजिमे': मासा जिवंत असतानाच मेंदूत सुई खुपसून लगेच रक्त काढायचं. हे जपानी तंत्र. तडफड वाचते, अंग उशिरा ताठरतं. मुरताना पाणी उडतं, चव वाढवणारं इनोसिनिक आम्ल साठतं आणि चव गडद होते. माशाची कातडी अशी कुरकुरीत, की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. वास? अजिबात नाही.

फेसाचं, म्हणजे हवा भरून फुलवलेल्या सॉसचं, कौतुक मात्र कळलं नाही. चमचाभर फेस आणि त्यावर वेटरचं लांबलचक प्रवचन. तोवर फेस बसलासुद्धा! पुन्हा जाईन, पण कडकडून भूक लागलेली असताना नाही. पहिल्या तीन बश्या रिकाम्या झाल्या तरी पोटाला पत्ता नव्हता.