मशीनवर केलंय ना?

ठाण्याच्या नौपाड्यात दिवाळीच्या तोंडावर जी प्रदर्शनं भरतात, त्यात लाकूड कातणारं सहसा कुणी नसतं. कंदील, उटणं, भाजणी, पैठणीच्या कापडाच्या पर्सेस, रेझिनच्या रांगोळ्या, आणि या गर्दीत सहा बाय दोन फुटांचं माझं टेबल. शिरीषाच्या लाकडाचे वाडगे, आंब्याची लाटणी, कुंकवाचे करंडे, भोवरे. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या कोपऱ्यात माझं लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवणारं यंत्र आहे. तिथून हा माल रिक्षात घालून आणला, दोन पिवळे दिवे क्लिपने लावले (पांढऱ्या ट्यूबखाली लाकडाच्या रेषा मरतात) आणि बसले.

लेथच हॉलमध्ये आणू का, असं विचारलं होतं. आयोजक बाई नाही म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं. शेजारी भाजणीचा स्टॉल. बंद हॉलमध्ये उडालेला भुसा सगळा त्या पिठांवर बसला असता. म्हणून अर्धवट कातलेला एक ओंडका टेबलावर ठेवला होता. एक बाजू सालीसकट, दुसरी पॉलिश होऊन चकचकीत. शेजारी एक गोल पटाशी, नुसती दाखवायला.

सकाळभर एकच वाक्य ऐकलं. “अय्या, किती सुंदर! मशीनवर केलंय ना?” दोन्ही एकाच दमात. हो म्हणावं तर पुढचा प्रश्न, “मग हॅन्डमेड कसं?” नाही म्हणावं तर खोटं. आणि वाडग्याखाली चिकटवलेला 2,200 रुपयांचा आकडा दिसला, की तो अलगद जागेवर ठेवून माणूस कंदिलांकडे वळणार. एका बाईंनी मोबाइलवर सहाशेचा वाडगा काढून दाखवला. मी तो नीट पाहिला. छान होता, मशीननेच कोरलेला होता, एकसारखे दोनशे तरी निघाले असतील.

माझी किंमत कुठून येते हे उभ्या गिऱ्हाइकाला सांगणं अवघड. ओंडका वखारीतून ओला येतो. आधी त्याचा जाडजूड वाडगा कातायचा, दहा इंच व्यासाला भिंत साधारण एक इंच. आडव्या कापांवर मेण फासायचं, कागदी पिशवीत भुशासकट ठेवायचं आणि विसरून जायचं. ठाण्याच्या पावसाळ्यात तर तो वाळतच नाही. मधून मधून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं, आणि ते उतरायचं थांबलं की मग पुन्हा लेथवर. तोवर गोल वाडगा लंबगोल झालेला असतो, एखादा तडकलेलाही. तो पुन्हा गोल करायचा, घासायचा, जवसाचं तेल आणि मेण लावायचं. हे सगळं सांगेपर्यंत समोरचा माणूस चिवडा घेऊन गेलेला असतो.

कोकणातली माणसं मात्र हटकून थांबत. “सावंतवाडीची का?” चितार आळीतली खेळणी ठाण्यात घराघरांत आहेत, त्यामुळे कातीव लाकूड म्हटलं की तेच आठवतं. मग रंग का नाही, असा प्रश्न. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो. चन्नपट्टणला त्यावर केवड्याचं पान घासून चमक आणतात. ती विद्या वेगळी, मला येत नाही. मी सालीखालचं दाखवते. एक आजोबा म्हणाले, “मग चिमणाळं नाही का करत?” पाळण्यावर टांगायचं चिमणाळं. ते लिहून ठेवलं.

दुपारी जेवणाच्या सुमारास हॉल ओसरला तेव्हा ते काका आले. पांढरा बुशशर्ट, खिशात पेन, हातात रिकामी कापडी पिशवी. बायको साड्यांकडे गेलेली दिसत होती. त्यांनी वाडगा उचलला, उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला.

“चक कसला आहे?”

चक म्हणजे लेथवर लाकूड पकडणारा पंजा. इतका वेळ कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, “चार जॉचा. तळाला खाच काढून आतून पकडते.”

“स्पीड?”

“दहा इंचाला मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास.”

काकांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्याच माहितीपत्रकाच्या पाठीवर मांडलं: पाय (π), गुणिले डी, गुणिले एन, भागिले हजार. आयटीआयमध्ये टर्नरला, म्हणजे लेथ चालवणाऱ्याला, कापण्याच्या वेगाचं हे सूत्र घोकायला लावतात. 254 मिलिमीटर व्यास, हजार फेरे. उत्तर आलं 798. त्यांनी चष्मा वर केला. “मिनिटाला आठशे मीटर! बाई, आम्ही माइल्ड स्टीलला हायस्पीड स्टीलच्या टूलने तीस मीटर घ्यायचो. कडा किती जोरात पळते ठाऊक आहे? ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर.” जन्म वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत गेला होता, टर्नर म्हणून लागले आणि टर्नर म्हणूनच निवृत्त झाले.

मग त्यांनी पटाशी हातात घेतली. “हे टूल. आणि ते पकडून ठेवणारा टूलपोस्ट कुठे असतो?”

“टूलपोस्ट नसतो, काका. लोखंडी आडवी पट्टी असते, तिच्यावर टेकवायचं. हातात धरूनच कातायचं.”

“टूल मोजून पुढे सरकवायला क्रॉस स्लाइड नाही?”

“नाही.”

“कट किती घेतला हे कशावरून कळतं?”

“आवाजावरून. आणि धारेमागचा ढाळ आधी लाकडावर टेकवायचा, मग मूठ हळूहळू वर. ढाळ सुटला की टूल लाकडात घुसतं आणि हिसका देतं.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग करंडा उचलला, झाकण काढून पुन्हा बसवलं आणि फिट किती ठेवलाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, गाळ्यात फट्ट आवाज करून निघत होतं, इथे एसीत सकाळपासून सैल झालंय. लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, आडव्या अंगाने आक्रसतं. म्हणून झाकणाच्या आणि खालच्या भागाच्या रेषा जुळवून ठेवल्या तर दोन्ही एकाच दिशेने हलतात, नाहीतर अडकतं. “म्हणजे जॉब मशीनवरून उतरल्यावरही माप बदलतं?” काकांना हे अजिबात आवडलं नाही. शतांश मिलिमीटरच्या हिशोबात नोकरी झालेल्या माणसाला ही बेशिस्त वाटणारच.

तेवढ्यात दोन तरुण मुली आल्या. एकीने वाडगा हातात घेतला. “वॉव. मशीनवर केलंय ना?”

मी तोंड उघडायच्या आत काका टेबलाच्या या बाजूला आले होते. “मशीन फक्त लाकूड फिरवतं,” त्यांनी अर्धवट ओंडका उचलला. “ही बाजू बघा, साल. ही बाजू बघा. मधला सगळा आकार या हाताने काढलाय. मशीनला वाडगा म्हणजे काय हे माहीतच नाही. कुंभाराच्या चाकाला मडकं माहीत असतं का?” आणि पटाशी मुलीच्या हातात देऊन, कोपर कंबरेला टेकवायला लावून त्यांनी तिला ओंडक्यावर ढाळ टेकवायला शिकवलं. आयुष्यात एकदाही लाकूड न कातलेला माणूस, दहा मिनिटांपूर्वी ऐकलेलं! पण टूल कसं धरायचं हे त्या हातांना ठाऊक होतं. मुलीने वाडगा घेतला. किंमत विचारलीच नाही, सरळ क्यूआर कोड कुठे आहे म्हणाली.

त्यानंतर काका हलले नाहीत. बायको येऊन दोनदा बोलावून गेली, तिसऱ्यांदा साड्यांच्या पिशव्या माझ्या टेबलाखाली ठेवून स्वतःच खुर्चीत बसली. संध्याकाळच्या गर्दीत काका गिऱ्हाइकाला ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर सांगत होते, मी पैसे घेत होते. भाजणीवाल्या काकूंनीही हातभार लावला. म्हणाल्या, “अगं, वाडगं रिकामं काय ठेवतेस?” आणि मूठभर चकल्या त्यात घातल्या. त्याच्याआधी लोक विचारत होते, यात काय ठेवायचं. नंतर कुणी विचारलं नाही. एका वाडग्याला तेलाचा डाग पडला, पण पॉलिशच तेलाचं असल्याने तो पुसून गेला, आणि ते दाखवून आणखी एक विकला गेला.

भावात मात्र काका कडक. कुणी “दोन हजारात द्या ना” म्हटलं, की माझ्याआधी त्यांचंच उत्तर, “अहो, फिक्स्ड आहे. पुन्हा असा जॉब निघत नाही.” एक गृहस्थ दोन करंड्यांवर पन्नास कमी मागत होते, त्यांना तर चांगलंच सुनावलं. मी स्वतः पन्नास सोडले असते. काकांसमोर हिंमत झाली नाही.

आठ वाजता आवरायला घेतलं. मोठे वाडगे जवळजवळ संपले होते, भाडं सुटून पुढच्या ओंडक्यांचे पैसे निघाले होते, आणि वहीत चिमणाळ्याच्या तीन ऑर्डरी होत्या. काकांनी नातवासाठी एक भोवरा निवडला. आरीचं टोक नखावर टेकवून पाहिलं, फिरवला, डुलतो का बघितलं. नाही डुलला.

“कितीला?”

“काका, तुमच्याकडून काय घ्यायचं? न्या.”

“फुकट नको. किती?”

“दीडशे.”

“शंभराला द्या.”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. चेहरा बघितला तर नाही. “काका, अहो, फिक्स्ड आहे ना? तुम्हीच दिवसभर…”

“ते गिऱ्हाइकाला. मी काय गिऱ्हाईक आहे? आणि जाळी कुठाय? जाळी धरून दीडशे असेल तर बोला.”

जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, मी आणलीच नव्हती. काकू खुर्चीतून म्हणाल्या, “सोडा हो, त्यांनी दिवसभर तुमचं ऐकून घेतलंय.” काकांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. शेवटी एकशे तीसवर तुटलं. त्यांनी मोबाइल काढला, स्कॅन केलं, आमच्या डबीतून एकशे तीस रुपये मिळाल्याचा आवाज येईपर्यंत थांबले, आणि मगच भोवरा पिशवीत टाकला.

जाताना गाळा कुठे आहे ते विचारून घेतलं. बुधवारी येतो म्हणाले, टेलस्टॉक, म्हणजे लेथचं मागचं टोक, सेंटरला आहे का ते एकदा बघायला हवं.