वाकलेल्या पत्र्यातलं भोक

लेझर कटिंगवाल्यांचा फोन आला. "अहो, या भोकाला दोन रेषा आहेत. कुठली कापू, आतली की बाहेरची?"

मी फाइल उघडली. दोन रेषा खरंच होत्या, एकीच्या आत दुसरी, टोकांना दोन-दोन मिलिमीटरचं अंतर. फाइल पाठवण्याआधी मला त्या दिसल्या होत्या, पण सॉफ्टवेअरचं काहीतरी असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

पार्ट साधा होता. २ मिमी जाडीचा माइल्ड स्टीलचा पत्रा, एकदाच काटकोनात वाकवलेला, म्हणजे एल आकाराचा ब्रॅकेट. त्याच्या बरोबर कोपऱ्यातून २५ मिमी व्यासाची नळी ४५ अंशात आत जायची होती. शिवाय एका बाजूला ६ मिमीची दोन स्क्रूची भोकं आणि वायर ओवायला बेंडवरून, म्हणजे पत्रा जिथे वाकतो तिथून, आडवी जाणारी एक खाच. मी सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तिरका प्लेन (चित्र काढायचं प्रतल) घेतला, त्यावर २५ चं वर्तुळ काढलं आणि एक्स्ट्रूड कट, थ्रू ऑल, म्हणजे ते वर्तुळ आरपार कापलं. पडद्यावर नळी इतकी सुरेख बसली की मी मॉडेल उगाच फिरवून फिरवून बघत बसलो.

गोम अशी की तिरक्या कटाची भिंतही तिरकी होते. कोपऱ्याच्या बाहेरच्या टोकापासून मोजलं तर बाहेरच्या पृष्ठभागावर भोक १७.७ मिमीपर्यंत जातं आणि आतल्या पृष्ठभागावर १९.७ पर्यंत. पत्रा २ मिमीचा आणि कट ४५ अंशाचा, म्हणून फरकही बरोबर दोनाचा. पत्रा सपाट केला की या दोन्ही कडा दोन रेषा होऊन दिसतात. लेझर मात्र सपाट पत्र्यात सरळ खाली कापतो, त्याला एकच रेष लागते. म्हणजे १९.७ पर्यंत सरळ कापणं भाग, नाहीतर नळी आतल्या कडेला अडणार.

एक्स्ट्रूड कटच्या पर्यायांतच 'नॉर्मल कट' नावाची एक छोटी चौकट असते. ती टिक केली की भोकाची भिंत सगळीकडे पत्र्याला काटकोनात येते. ती चौकट सुरुवातीपासून माझ्या डोळ्यांसमोर होती, पण 'नॉर्मल' म्हणजे नेहमीचा कट असा मी अर्थ लावला होता. इथे नॉर्मल म्हणजे लंब. टिक केल्यावर फ्लॅट पॅटर्नमध्ये, म्हणजे पत्र्याच्या उलगडलेल्या सपाट आकृतीत, एकच रेष उरली.

मग वायरच्या खाचेकडे वळलो. आता सगळं सपाट पत्र्यावरच काढू, असा हुशारीचा विचार केला. फ्लॅट पॅटर्न उघडा केला, त्यावर खाच काढली, कट दिला आणि परत वाकवलं तर खाच गायब! दोनदा केलं, दोनदा गायब. फीचर ट्रीकडे, म्हणजे मॉडेलमधल्या पायऱ्यांच्या यादीकडे, नीट पाहिल्यावर कळलं की सपाट अवस्थेत काढलेली गोष्ट फ्लॅट पॅटर्नच्या पोटात जाऊन बसते आणि पार्ट वाकवला की तीही झाकली जाते. वाकलेल्या पार्टमध्येही ती हवी असेल तर आधी 'अनफोल्ड' फीचर द्यायचं, एक बाजू स्थिर ठेवून हवा तो बेंड उलगडायचा, कट काढायचा आणि मग 'फोल्ड' करायचं.

आता प्रत्येक कटाला मी आधी एकच प्रश्न विचारतो: याचं माप कुठून येतं? नळीचं माप जोडणीतून येतं, ती वाकलेल्या पार्टमधून जाते, म्हणून तिचा कट वाकलेल्या अवस्थेत, नॉर्मल कट देऊन. खाचेची लांबी पत्र्याच्या अंगावरून मोजायची, म्हणून ती उलगडून.

हे जमलं, पण कोपऱ्यातलं भोक वाकवल्यावर दोन्हीकडे सारखं पडायचं तर उलगडलेली लांबीही खरी हवी. माझ्या फाइलमध्ये के-फॅक्टर ०.५ होता. कुठल्याशा जुन्या टेम्प्लेटमधून आलेला, मी कधी बघितलाही नव्हता. के-फॅक्टर म्हणजे वाकताना जो थर ना ताणला जातो ना दाबला जातो, तो आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे ते. पुस्तकातला आकडा घेण्यापेक्षा मी त्याच पत्र्याची १०० मिमीची पट्टी कापून घेतली, मधोमध वाकवून घेतली आणि व्हर्नियरने दोन्ही बाजू बाहेरून मोजल्या. बेरीज आली १०३.५. वरचे ३.५ म्हणजे बेंड डिडक्शन, बाहेरच्या मापांच्या बेरजेतून वजा करायची लांबी. आतली त्रिज्या २ मिमी धरून उलटं गणित केलं तर के-फॅक्टर निघाला ०.४३. ०.५ ने हेच डिडक्शन ३.२९ येत होतं. एका बेंडला दोन दशांश मिलिमीटर, फार वाटत नाही. चार बेंडच्या डब्यात झाकण बसणार नाही इतकं ते होतं.

दुसरा नमुना आला. नळी बसली, खाच जागेवर, पण स्क्रूची दोन्ही भोकं लांबट झालेली, बेंडकडे ओढल्यासारखी. ही चूक सॉफ्टवेअर कधीच दाखवत नाही; त्याच्या लेखी पत्रा फक्त बेंडच्या त्रिज्येत वाकतो. प्रत्यक्षात वाकवताना तो डायच्या, म्हणजे खालच्या साच्याच्या, व्ही आकाराच्या तोंडावर टेकलेला असतो आणि त्या तोंडाच्या आतलं सगळंच थोडंफार ओढलं जातं. आमच्या डायचं तोंड १२ मिमी, म्हणजे बेंडच्या रेषेच्या दोन्हीकडे सहा-सहा. माझ्या भोकांची कड रेषेपासून सव्वातीनावर होती. वाकवणाऱ्या काकांनी ढोबळ नियम सांगितला: शेजारच्या बाजूच्या आतल्या पृष्ठभागापासून भोकाची कड जाडीच्या अडीचपट अधिक त्रिज्या एवढी तरी लांब ठेवा. इथे ते ७ मिमी होतं, मी ठेवलं होतं ३. "नाहीतर वाकवून झाल्यावर ड्रिल करा, पण मग लेझरचे पैसे कशाला देताय?" हे त्यांचं वर. भोकं चार मिलिमीटर सरकवली. नळीचं भोक बेंडवरच असूनही का बिघडलं नाही, हेही तेव्हा समजलं. त्याची दोन्ही टोकं डायच्या तोंडाच्या बऱ्याच बाहेर होती.

आणखी एक, घाईघाईत: डीएक्सएफ (लेझरला द्यायची रेषांची फाइल) काढताना बेंडच्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेवा, नाहीतर लेझर त्याही कापतो. हे मला कसं कळलं ते विचारू नका.

तिसरा नमुना बरोबर आला. नळी हाताने सरकवली की जात होती. मग तो पावडर कोटिंग होऊन आला आणि नळी परत अडली. भोकाच्या कडांवरही रंगाचा थर चढतो, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. कानशीने कडा घासल्या, आणि ड्रॉइंगमध्ये २५ चे २५.५ केले.