मागच्या सीटवरचा माणूस

पवना धरणाच्या काठावर मी सहा वर्षं कयाक आणि कॅनू, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या छोट्या होड्या, भाड्याने देतोय. लोकांना वाटतं, बोट पाण्यात ढकलली की आमचं काम संपलं. खरं काम काठावरच असतं. कोणाला कुठे बसवायचं ते ठरवायचं, आणि एखाद्या नवऱ्याला बायकोदेखत सांगायचं, की साहेब, मागे तुम्ही नका बसू.

कॅनूत पुढचा नुसता जोर लावतो, बोट चालवतो तो मागचा. वल्हं ओढून झालं की शेवटी मनगट वळवून पातं हलकेच बाहेर ढकलायचं, तरच बोट सरळ जाते. त्याला ताकद लागत नाही, ताल लागतो. वजनाचंही तसंच. मागे जड माणूस आणि पुढे पोर बसवलं की बोटीचं नाक पाण्यातून वर उठतं आणि वारा त्याला धरून फिरवतो. मग कितीही वल्हवा, बोट वाऱ्याला पाठ करून पळते.

मेमधला शनिवार होता. आईवडील आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी. वडील नव्वद किलोच्या घरात, थेट मागच्या सीटवर जाऊन बसले. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही पुढे बसा, ताईंना मागे बसू द्या." ते हसले. "ओ भाऊ, दहा मिनिटं तर फिरायचंय." मागे रांग लागली होती, शेठचा फोन वाजत होता. मुलगी पुढे, आई मधे. तिघांची लाइफ जॅकेटं आवळली, मुलीच्या जॅकेटचा मांडीखालचा पट्टा स्वतः लावला, शिट्टी दाखवली आणि सोडलं.

उन्हाळ्यात दुपारकडे इथे घाटाकडून वारा सुटतो. त्या दिवशी बाराच्या आतच सुटला. तुंग किल्ल्याच्या बाजूने पाण्यावर काळपट पट्टा सरकत आला आणि कॅनू गोल फिरली. वडील एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वल्हं मारत होते, तेही नुसत्या दंडाच्या जोरावर. बोट धरणाच्या भिंतीच्या दिशेने वाहत चालली.

मी कयाक घेऊन गेलो तोवर ते बरेच लांब गेले होते. उघड्या पाण्यात जागा बदलायला उठले असते तर उलटलेच असते, म्हणून ओरडलो, "वल्हं आडवं ठेवा, खाली बसा, काठाला लागू द्या." पाणी उतरलेलं, काठाला गुडघाभर गाळ. साहेबांचा एक बूट तिथेच राहिला. मग त्यांना पुढे बसवलं, मुलीला मधे, ताईंना मागे. ताईंना मनगटाचं ते वळण मी फक्त दोनदा दाखवलं. परत येताना वारा समोरून होता. त्यांनी नाक वाऱ्यात धरलं ते काठ येईपर्यंत सोडलं नाही. आमच्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांना हे जमायला आठवडा लागतो. साहेब काठावर उतरल्यावर पैसे परत मागत होते. शेठने अर्धे दिलेही.

पण मी लिहितोय ते याच्यासाठी नाही. बोट पहिल्यांदा फिरली तेव्हा मुलीने शिट्टी वाजवली होती. दोनदा. मग थांबली. वडील म्हणाले होते, "बंद कर, लोक बघतायत." हे मला नंतर ताईंकडून कळलं. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, आवाज क्षीणच आला, पण आला. शनिवारी दिवसभर पोरं शिट्ट्या फुंकत असतात. मी पुढच्या गिऱ्हाइकाच्या जॅकेटची चेन लावत होतो. मान वर केली नाही.

जॅकेट परत देताना मुलीने शिट्टीवरचा गाळ फ्रॉकला पुसला आणि विचारलं, "काका, माझी शिट्टी ऐकू आली नव्हती का?"

मी म्हटलं, "वारा होता ना बाळा."