हेली विकनहायझर : बर्फावरची तेवीस वर्षे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे पत्र आले तेव्हा स्वतःविषयी लिहिण्यापेक्षा एका खेळाडूविषयी लिहावे, असे मनाने घेतले. मी आपल्या मैदानावर खो-खो खेळत वाढले आणि लग्नानंतर कॅनडातील कॅलगरी शहरात स्थायिक झाले. सकाळी मुलांच्या आधी मुलींचा संघ मैदानावर उतरलाच पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या आपल्या खेळाच्या बाईंना जिचे मनापासून कौतुक वाटले असते, ती आइस हॉकीपटू हेली विकनहायझर याच शहरात मोठी झाली. शाळेतील आजच्या मुलींना तिची ओळख व्हावी, यासाठी हा लेख.

तिचा जन्म १९७८ साली सस्कॅचेवान प्रांतातील शॉनावन या छोट्या गावी झाला. वडिलांनी घरामागच्या अंगणात पाणी सोडून, ते थंडीत गोठवून तिच्यासाठी मैदान तयार केले होते. मुलींचे संघ फारसे नसल्यामुळे ती मुलांच्या संघांतून खेळली. महिलांची पहिली अधिकृत विश्वविजेतेपद स्पर्धा १९९० मध्ये ओटावा येथे झाली, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आणि १९९४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती कॅनडाच्या राष्ट्रीय संघातून खेळून विश्वविजेती ठरली.

ऑलिंपिकमध्ये महिलांच्या आइस हॉकीला प्रवेश मिळाला तो १९९८ साली, जपानमधील नागानो येथे. तिथे अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला ३-१ असे हरवले. पुढच्या सॉल्ट लेक सिटीच्या स्पर्धेआधी या दोन संघांत झालेले आठही सामने अमेरिकेने जिंकले होते, त्यामुळे २००२ च्या अंतिम सामन्यात कॅनडाकडून कोणी फारशी आशा धरली नव्हती. त्यात पंचांनी कॅनडाच्या खेळाडूंना लागोपाठ आठ वेळा शिक्षा दिली. या खेळात किरकोळ नियमभंगासाठीही खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ संघाला एक खेळाडू कमी घेऊन लढावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सामन्याचा ताण कळतो. तरीही कॅनडाने ३-२ असा विजय मिळवला. दुसऱ्या सत्रातील एक गोल हेलीचा होता आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही तिलाच मिळाला. २००६ मध्ये तुरिन येथे तिने सुवर्णपदक आणि तोच मान पुन्हा मिळवला.

दरम्यान, २००३ मध्ये तिने फिनलंडमधील सालामात या पुरुषांच्या संघाशी करार केला आणि पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीत गोल करणारी ती पहिली महिला ठरली. वृत्तपत्रांनी त्या गोलाचा मोठा गाजावाजा केला. मला मात्र तिचे खरे मोठेपण नंतरच्या काळात दिसते.

२०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये कॅनडाने स्लोव्हाकियाला १८-० असे हरवले. अशा एकतर्फी सामन्यांमुळे, या खेळाचा दर्जा इतर देशांत सुधारला नाही तर ऑलिंपिकमधील त्याचे स्थान टिकणे कठीण आहे, असे ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष जॅक रोग यांनी जाहीरपणे बजावले. कर्णधार हेलीच्या संघाने अंतिम सामन्यात अमेरिकेला २-० असे नमवून सुवर्णपदक जिंकले खरे, पण आपल्या तोडीचे प्रतिस्पर्धी नसतील तर आपला खेळच उरणार नाही, हे तिने ओळखले होते. तिने मुलींसाठी ‘विकफेस्ट’ हा हॉकी महोत्सव सुरू केला आणि देशोदेशीच्या संघांना तिथे बोलावले. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला शिकवण्याची जबाबदारी घेणे ही गोष्ट क्रीडाविश्वात सहसा आढळत नाही, आणि तिच्या सर्व पदकांपेक्षा मला याच गोष्टीचे अप्रूप अधिक वाटते.

याच प्रयत्नांतून ती २०१८ च्या जानेवारीत लडाखला गेली. भारताच्या महिला संघातील बहुतेक मुली लडाखच्या. हिवाळ्यात तलाव गोठतील तेवढे दिवसच त्यांचा सराव होई आणि साहित्यही पुष्कळदा वापरलेले, इतरांकडून मिळालेले असे. अशा स्थितीतही या संघाने २०१७ मध्ये बँकॉक येथे फिलिपिन्सला ४-३ असे हरवून आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय नोंदवला होता. हेलीने या संघाला २०१८ च्याच नोव्हेंबरमध्ये कॅलगरीच्या महोत्सवात खेळायला आणले. इथल्या भारतीय कुटुंबांना त्या मुलींचा किती अभिमान वाटला, हे शब्दांत सांगणे अवघड आहे.

तिचा शेवटचा ऑलिंपिक सामना म्हणजे २०१४ ची सोची येथील अंतिम लढत. कॅनडा ०-२ असा मागे होता आणि जेमतेम साडेतीन मिनिटे उरली होती. तेवढ्यात एक गोल झाला. मग कॅनडाने गोलरक्षकाऐवजी जादा खेळाडू उतरवला असता अमेरिकेचा एक फटका मोकळ्या गोलच्या खांबाला लागून परतला आणि शेवटच्या मिनिटात मारी-फिलिप पूलां हिने बरोबरी साधली. जादा वेळेत हेली पक (या खेळातील रबरी चकती) घेऊन एकटीच गोलकडे धावली असता तिला पाडल्याबद्दल अमेरिकेच्या खेळाडूला बाहेर बसावे लागले आणि त्या अवधीत पूलांनेच विजयी गोल केला. धावफलकावर त्या गोलापुढे हेलीचे नाव नाही, पण तो सामना पाहिलेल्या कोणालाही तिच्या त्या धावेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

२०१७ च्या जानेवारीत ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर देशासाठी २७६ सामने, १६८ गोल, चार ऑलिंपिक सुवर्णपदके आणि सात विश्वविजेतेपदे होती. त्यानंतर तिने कॅलगरी विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतले. मार्च २०२० मध्ये, टोकियो ऑलिंपिक ठरल्या वेळी घेण्याचा हट्ट धरणे बेजबाबदारपणाचे आहे, असे स्वतः ऑलिंपिक समितीची सदस्य असूनही तिने जाहीरपणे सांगितले. त्याच महिन्यात ती स्पर्धा पुढे ढकलण्यात आली. २०२१ मध्ये ती डॉक्टर झाली. आणि लडाखच्या मुलींच्या भारतीय संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथील आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.