नऊ एक्स झाल्यावर

बोलिंगच्या हॉलमध्ये शांतता कधीच नसते. पिना धडाधड कोसळतात, यंत्र त्या खडखडत पुन्हा उभ्या करतं, टोकाच्या लेनवर वाढदिवसाची पोरं किंचाळत असतात. इथे मिशिगनमध्ये आमची लीग याच गोंगाटात चालते आणि लोक त्यातच उत्तम खेळतात. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पाडल्या की तो स्ट्राइक, स्क्रीनवर त्याचा एक्स उमटतो. पण शेजारी कुणाचे लागोपाठ नऊ स्ट्राइक झाले, की सगळ्यांचे आवाज एकदम उतरतात. दहाव्या फ्रेममध्ये, म्हणजे शेवटच्या पाळीत, आणखी तीन पडले की झाले बारा. ३०० गुण, परफेक्ट गेम. अशा वेळी त्या माणसाजवळ तो विषय काढायचा नाही, हा अलिखित नियम. सचिन नव्वदीत असताना ज्यांना सोफ्यावरून उठायची बंदी होती, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याला मात्र हे कोण सांगणार? "मामा, त्या काकांचे सगळेच एक्स आहेत!" मराठीत ओरडला म्हणून निभावलं म्हणावं, तर बोट थेट त्यांच्या स्क्रीनकडे. काका टॉवेलने चेंडू पुसत होते, ते पुसतच राहिले.

एरवीचा शिष्टाचार साधा आहे. शेजारच्या लेनवर कुणी चेंडू घेऊन उभा असेल तर आपण थांबायचं. दोघं एकदम पुढे आलो तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. दहाव्या फ्रेमला दोन्ही बाजूंचे लोक आपणहून मागे सरकतात, तेही योग्यच. नेम धरलेल्या माणसाच्या डोळ्याच्या कडेला आपण कशाला हलायचं?

पण काही जण सातव्या स्ट्राइकपासूनच मौनव्रत धरतात, त्याचं मला हसू येतं. मघापर्यंत ज्याच्याशी नाचोजवरून भांडत होता, त्याच्याकडे आता कुणी बघतही नाही. एवढं वाळीत टाकल्यावर त्याला कळणार नाही का? शिवाय त्याचा ठेका बिघडतो तो वेगळाच. इतके फ्रेम ठरावीक वेळाने पाळी येत होती. आता अख्खा हॉल थांबल्यामुळे ती भलत्याच वेळी येते. चेंडूच्या भोकात नेमका बसणारा अंगठा तेवढ्यात घामेजतो, किंचित सुजतो, आणि सुटायच्या क्षणी अडकतो. माझं मत विचाराल तर नवव्या फ्रेमपर्यंत आपापला खेळ चालू ठेवावा, गप्पांसकट. मोबाइल मात्र खिशात.

आणि दृष्ट लागायचीच असेल तर ती कुठूनही लागते. ग्लेन ॲलिसनने १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा इथे सलग तीन गेम ३०० चे केले. एकूण ९००! तेव्हाच्या अमेरिकन बोलिंग काँग्रेस या खेळाच्या संस्थेने लेनवर घातलेलं तेल नियमात बसत नाही म्हणून तो विक्रम मान्यच केला नाही. तिथे शेजाऱ्यांनी तोंडं मिटून घेतली असती तरी काय उपयोग होता?

आमच्या काकांचा चेंडू अगदी हवा तिथे, एक आणि तीन नंबरच्या पिनांमधल्या फटीत शिरला. नऊ पडल्या. उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची पिन जरा डुलली आणि उभीच राहिली. हॉलभर एक लांब 'आऽऽ' झालं. त्यांनी ती एकटी पिन उडवली, वर शेवटचा स्ट्राइक टाकला. २७९.

यानंतर काय बोलावं, हा खरा अवघड भाग. "थोडक्यात हुकलं" हे त्यांना ठाऊक असतं. "चेंडू तर बरोबर गेला होता" हेही. आमच्यातल्या एकाने नुसती मूठ पुढे केली, त्यांनी तिला मूठ टेकवली, बास. तेवढ्यात भाच्याने टाळ्या वाजवल्या. अख्ख्या हॉलमध्ये एकट्याने. २७९ हा स्कोअर टाळ्यांचा नाही, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

काका वळले. "तूही मोजत होतास ना?"

"हो," भाचा म्हणाला.

"मीसुद्धा. पहिल्यापासून."