गंजलेला बोल्ट तोडायचा नसेल तर

जुन्या गाडीचा बोल्ट फिरत नाही म्हटलं की पहिला हात लांब पाइपाकडे जातो. पान्याच्या दांड्यात पाइप घातला, जोर लावला, कट्ट आवाज आला आणि बोल्टचं डोकं हातात. १०० सीसी गाड्यांच्या सायलेन्सरचे स्टड, म्हणजे इंजिनच्या हेडमध्ये रोवलेले बिनडोक्याचे बोल्ट, बहुतेक ६ मिमीचे असतात. ते साधारण १० न्यूटन-मीटरला आवळायचे. एक फुटाच्या पान्यावर २० किलोचा जोर टाकला तर सुमारे ६० न्यूटन-मीटर होतात, म्हणजे सहापट. एवढं ६ मिमीचं लोखंड सोसत नाही. पाइप चाकाच्या अ‍ॅक्सलसाठी ठेवा, ६ मिमीला आखूड पाना.

आधी बोल्ट कशाने धरलाय ते बघा, कारण औषध त्यावर ठरतं. लोखंडात लोखंड असेल तर लाल गंज. त्याला तेल आणि ठोके पुरतात. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये लोखंडी स्टड असेल आणि कडेला पांढरी भुकटी दिसत असेल, तर तो अ‍ॅल्युमिनियमचा गंज. मूळ धातूपेक्षा तो जास्त जागा घेतो आणि आट्यांत पाचरीसारखा बसतो. तिथे तेल फारसं आत शिरत नाही, उष्णता लागते. ब्रेक डिस्कच्या बोल्टला थ्रेडलॉक, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद, असेल तर तेल घालून काहीच उपयोग नाही. कडक प्रकारचं थ्रेडलॉक २५० अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हाच बोल्ट सुटतो.

आणि चौथा प्रकार, ज्यात बोल्ट जाम नसतोच, चुकतो तो स्क्रूड्रायव्हर. आरएक्स १०० सारख्या जपानी वंशाच्या गाड्यांच्या इंजिन कव्हरचे अधिकचिन्हाचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, घडणीचे असतात. पुष्कळदा त्यांच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो. त्यात नेहमीचा फिलिप्स तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर चढतो आणि खाच खातो. ६ मिमी स्क्रूला ३ नंबरचा जेआयएस बिट घ्या, ठोकायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरला लावा, उलट्या दिशेला ताण देऊन धरा आणि हातोडीचा एकच खणखणीत घाव घाला. दहा हलक्या घावांनी खाच फक्त आणखी खराब होते.

आता सायलेन्सरचा नट, कारण सगळ्यात जास्त तुटतो तोच. तारेच्या ब्रशने स्टडचे उघडे आटे चकचकीत होईपर्यंत घासा. नटाला तिथूनच बाहेर यायचंय. आट्यांवर काजळी-गंजाची खपली राहिली तर अर्ध्यात अडकतो. मग भेदक तेल. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला बनवलेला स्प्रे आहे. चालतो, पण खास गंजाचं तेल मिळत असेल तर तेच घ्या. घरगुती मिश्रण म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं. थोडा वेळ ठेवलं तर दोन्ही वेगळे होतात, म्हणून दर वेळी हलवून घ्यायचं. रंगावर, प्लॅस्टिकवर पडू देऊ नका, आणि हे घातलंय तिथे ज्योत अजिबात नेऊ नका. रात्री तेल, सकाळी तेल, संध्याकाळी पाना. मधे दोन-तीनदा नटाच्या बाजूला हातोडीने हलके ठोके. त्या कंपनाने गंजाला चिरा पडतात आणि तेल आत उतरतं.

गोटी (सॉकेट) सहा कोनांचीच हवी. बारा कोनांची गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. पहिला प्रयत्न आवळायच्या दिशेने, अगदी केसभर. मग उलट. हाताला काय जाणवतंय त्याकडे लक्ष ठेवा. ‘कट्’ करून सुटला आणि पुढे किरकिरत फिरला तर उत्तम. पाना फिरतोय, पण रबर पिळल्यासारखा मऊ, आणि सोडला की मागे येतोय, तर नट सुटत नाहीये, स्टड पिळला जातोय. तिथेच थांबा. सुटलेला नटही एका दमात काढू नका. अर्धा फेरा उलट, पाव सुलट, थोडं तेल.

तरीही नाहीच, तर उष्णता. टाकी काढून दूर ठेवा, तेल पुसा. ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर पूर्ण वाळू द्या. काहींतल्या क्लोरीनयुक्त द्रावणाचा तापून विषारी वायू होतो. स्टडवरचा नट अडला असेल तर नट तापवा. स्टडच हेडमध्ये अडला असेल तर हेड तापवा, स्टड नव्हे. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक सैल पडतं. हॉट एअर गन पुरते. पाण्याचा थेंब चर्रकन उडून न जाता गोटीसारखा घरंगळायला लागला की दोनशेच्या आसपास पोचलात. त्याच वेळी आट्यांच्या कडेला मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण आत ओढलं जातं.

तुटलाच, तर थोडा स्टड बाहेर असेल तेव्हा वेल्डरकडून वर नट टाकून आतून वेल्ड करून घ्या. वेल्डिंगची उष्णताच निम्मं काम करते. आधी बॅटरी आणि सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) काढून ठेवा. सपाट तुटला असेल तर बरोबर मध्यावर सेंटर पंच, ३ मिमी ड्रिल, शक्यतो डाव्या फिरतीचं. कधी कधी ड्रिल करतानाच तुकडा बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे भोकात उलटा फिरवून तुकडा ओढायचं हत्यार, शेवटी. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही. भोक बिघडलं तर ६.३ मिमी ड्रिल करून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा. ‘८ चा टॅप मारून देतो’ म्हणणारे भेटतील; त्यात भिंत पातळ होते आणि सायलेन्सरच्या फ्लॅन्जचं भोकही वाढवावं लागतं.

परत बसवताना नवे स्टड, नवे नट, आट्यांना कॉपर पेस्ट. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट लावायची हौस आहे, पण अ‍ॅल्युमिनियममध्ये ते कोरडे लावले तर कोकणच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडापेक्षा वाईट चिकटतात. पेस्ट लावली की घर्षण घटतं, म्हणून १० च्या जागी ८ न्यूटन-मीटर. गाडी एकदा चांगली तापून पूर्ण थंड झाली की दोन्ही नट पुन्हा तपासा. नवा गॅस्केट दबलेला असतो आणि ते थोडे ढिले झालेले असतात.